लहान, दूरच्या प्रदेशांना वेगळी इनोव्हेशन पॉलिसी लागते का, की शहरातलीच छोटी करून चालते?

तुम्ही लिहिलंय की असाइनमेंट लक्षद्वीपवर आहे आणि प्रश्न असा, की मुख्य भूमीपासून तुटलेल्या लहान प्रदेशांना शाश्वत विकासासाठी स्वतःची इनोव्हेशन पॉलिसी हवी का, आणि हवी असेल तर ती पुण्या-बंगळूरपेक्षा कशात वेगळी असावी. मी चोडणचा, म्हणजे गोव्यात मांडवी नदीतल्या बेटावरचा. घरची खाजन शेती, आणि सिव्हिलचा डिप्लोमा करून गेली वीस वर्षं बांध, नाले, छोटे पूल असलीच कामं करतोय, त्यामुळे मला जे जवळून माहीत आहे तिथूनच सांगतो.

हवी. आणि तिच्यात सगळ्यात आधी हे विचारलेलं असावं की ही वस्तू बिघडली तर पुढच्या भरतीच्या आत कोण दुरुस्त करणार.

भरती का म्हणतोय ते कळायला खाजन म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल. भरतीच्या पातळीपेक्षा खालची जमीन, मातीचा बांध घालून नदीपासून राखलेली. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर आहे आणि ही पद्धत पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. बांधात एका जागी मानस असते, म्हणजे जांभ्या दगडाच्या बांधकामात बसवलेले लाकडी दरवाजे. भरती चढली की नदीचं पाणी त्यांना बाहेरून रेटतं आणि ते आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याचा जोर जास्त होतो आणि ते उघडतात, शेतातलं जास्तीचं पाणी नदीत जातं, ना वीज ना मोटर. रात्री ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं (कोळंबी), शेवटे नावाचे मासे, कुर्ल्या (खेकडे) मिळतात. लहानपणी काकांबरोबर पेट्रोमॅक्स घेऊन मी जायचो, दरवाजा सुटायच्या आधी फळ्यांच्या फटीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, काका म्हणायचे "आता मागे हो", आणि मग एकदम लोंढा.

तर ही मासेमारी कोणी करायची याची पावणी होते, म्हणजे लिलाव, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. मला मानशीएवढंच कौतुक या पावणीचं आहे, कारण वस्तू सांभाळायचा खर्च त्या वस्तूच्याच कमाईला बांधून ठेवलेला. ही गाठ सैल झाली तिथे बांध गेले. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनंतर जमीन कसणाऱ्याची झाली ते न्यायाचंच होतं, पण बांधाची जबाबदारी कोमुनिदादकडून, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडून, शेतकऱ्यांच्या संघटनांकडे आली आणि बऱ्याच ठिकाणी ती नीट कोणाच्याच अंगावर पडली नाही, उलट पावणीचा पैसा वाढावा म्हणून खारं पाणी जास्त वेळ आत ठेवायची सवय लागली. बांध एकदा फुटला की मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात, तोपर्यंत भात नाही, पडीक शेतात खारफुटी उगवते, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्याने मग ते शेत परत शेत करणंही अवघड. (खारफुटी वाचलीच पाहिजे, पण खाजनासाठी वेगळा नियम हवा असं माझं ठाम मत आहे.)

आता माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट. जवळच्याच एका खाजनात, गावाचं आणि खात्याचं नाव घेत नाही, लाकडी फळ्या काढून लोखंडी गेट बसवलं, वर चाक, फिरवून वरखाली करायचं. मी उद्घाटनाला होतो आणि मला ते मनापासून आवडलं होतं. दुसऱ्याच पावसाळ्यात खाऱ्या हवेने स्क्रू गंजून गेट अर्धं उघडं अडकलं. गावातल्या सुताराला फळी बदलता येते पण हे उघडायची हत्यारं त्याच्याकडे नव्हती, ठेकेदाराचा माणूस बाहेरून यायचा होता, तो आला तिसऱ्या दिवशी. तीन दिवस म्हणजे सहा भरत्या. लोकांनी रात्री मातीची पोती टाकली, तरी कडेच्या शेतातली रोपं पिवळी पडलीच. पुण्यात मशीन बंद पडलं तर दुसऱ्या पेठेतून मेकॅनिक येतो, बेटावर फेरीबोट चुकली तरी दिवस जातो, म्हणून शहरातली पॉलिसी लहान करून तिथे चालत नाही.

बाहेरचं उदाहरण द्यायचं तर स्कॉटलंडजवळचं एग बेट घ्या. जेमतेम शंभर माणसं. १९९७ मध्ये तिथल्या लोकांनी ट्रस्ट करून बेट जमीनमालकाकडून विकत घेतलं. मुख्य ग्रिडची वीज तिथे पोचलेलीच नव्हती, घरोघर डिझेल जनरेटर. २००८ मध्ये त्यांनी पाणी, वारा आणि ऊन असं तिन्ही जोडून स्वतःची वीज सुरू केली. पवनचक्क्या काय कुठूनही विकत मिळतात, पण त्यांनी नियम असा केला की एका घराला एका वेळी ५ किलोवॅट, धंद्याला १०, त्यापेक्षा जास्त ओढली की सप्लाय बंद. गरीब-श्रीमंत सगळ्यांना तेच. आणि देखभाल बेटावरच्याच ट्रेनिंग दिलेल्या लोकांकडे. मला यात आमची पावणीच दिसते. डेन्मार्कच्या साम्सो बेटाचंही तसंच, १९९७ मध्ये सरकारी स्पर्धा जिंकून त्यांनी दहाएक वर्षांत वाऱ्यावर वीज उभी केली, आणि चक्क्यांमध्ये शेतकऱ्यांचे, गावकऱ्यांचे शेअर होते म्हणून विरोध कमी झाला.

फक्त आकड्यांनी हुरळून जाऊ नका. कॅनरी बेटांतल्या एल इएर्रोवर २०१४ मध्ये पवनचक्क्या आणि वारा पडला की वीज करायला ज्वालामुखीच्या विवरात केलेला पाणीसाठा असा प्रकल्प सुरू झाला, २०१९ मध्ये सलग २४ दिवस बेट डिझेलशिवाय चाललं, खूप मोठी गोष्ट आहे, पण वर्षभराचा हिशेब धरला तर डिझेल अजून लागतंच.

आता तुमचं लक्षद्वीप. कवरत्तीला २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने रोज १ लाख लिटर गोडं पाणी देणारा प्लँट केला, पुढे २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही झाले. समुद्राचं वरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत घेतलं की त्याची वाफ होते, खोल समुद्रातून, साधारण ३५० मीटरवरून, ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ थंड केली की गोडं पाणी. तिथे हे जमतं कारण बेटाच्या अगदी जवळच समुद्र एकदम खोल होतो. गोव्यात आम्हाला हे करता येणार नाही, आमचा समुद्र कितीतरी किलोमीटर उथळच आहे, पाइप टाकता टाकता दिवाळं निघेल. म्हणजे एका बेटाचं दुसऱ्याला जसंच्या तसं लावतानाही आधी जमीन, पाणी, वारा बघावा लागतो, मग शहराचं काय लावणार.

गोव्याची स्टार्टअप पॉलिसी २०१७ ला आली, जागेच्या भाड्यावर, पगारावर मदत, चांगलंच आहे, आमच्या मुलांना घराजवळ काम मिळावं हे मलाही हवंय. पण अशा पॉलिसीत मानस दुरुस्त करणारा सुतार इनोव्हेटर म्हणून बसत नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. याउलट नदीपलीकडे जुन्या गोव्यात आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, संस्था आहे, त्यांनी आमच्या खाऱ्या शेतातल्या कोरगुट भातातूनच निवड करून गोवा धान १ आणि २ ही वाणं दिली. जे लोकांकडे होतं तेच सुधारून परत त्यांच्याच हातात दिलं, शेतकऱ्याला नवीन काही शिकावं लागलं नाही.

मला पॉलिसी लिहायला दिली तर मी प्रत्येक प्रकल्पाच्या पैशातला एक हिस्सा दहा वर्षांच्या दुरुस्तीसाठी आधीच गावाच्या खात्यात बाजूला ठेवायला लावीन, आणि जागेवरची दोन माणसं शिकून तयार झाल्याशिवाय शेवटचं बिल पास करणार नाही. स्पेअर पार्ट बेटावरच हवेत. आणि नवीन वस्तू आणली तरी जुनी लगेच उखडायची नाही, दोन पावसाळे दोन्ही शेजारी चालू द्यायच्या, आमच्या त्या लाकडी फळ्या कोणीतरी जपून ठेवल्या असत्या तर सहा भरत्यांचं पाणी आत आलं नसतं.

असाइनमेंटमध्ये कवरत्तीचा प्लँट नक्की घ्या, पण १ लाख लिटर लिहून थांबू नका. पाइप खराब झाला तर कोण येतं, कुठून येतं, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना येऊ शकतं का, आणि तोपर्यंत लोक पाणी कुठलं पितात, एवढं तिथल्या कोणाला तरी फोन करून विचारा.