चेन्नईचं ३८ आणि आपलं ४५

यावेळी पत्रं जवळपास सगळी चेन्नईचीच आलीत. आपल्या नागपूरची पोरं तिकडे आयटीत लागलीत म्हणून असेल, आणि सुट्ट्या आईबाबांना मे महिन्यातच मिळतात. म्हणून यावेळचं सदर चेन्नईलाच देऊन टाकलं. मी स्वतः नोकरीपायी तिकडचे बरेच उन्हाळे काढलेत, त्यामुळे जे सांगतेय ते अंगावर काढलेलं आहे.

प्रश्न : नमस्कार ताई, मुलगी चेन्नईला नोकरीला आहे, मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं जायचं म्हणतोय. मोबाईलवर बघितलं तर तिकडे ३८ दाखवतं आणि आपल्याकडे ४५. म्हणजे थोडं गारव्यालाच चाललो असं समजायचं ना? बायको म्हणते मुलगी फोनवर रडकुंडीला येते गर्मीनं. कोणाचं खरं? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : काकूंचं खरं.

काका, आकड्यावर जाऊ नका. आपल्याकडे मेच्या दुपारी हवेत ओल जवळपास नसतेच, २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली, त्यामुळे घाम आला आला की उडून जातो आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणूनच ४५ मध्ये पण सावलीत उभं राहिलं की माणसाला जरा बरं वाटतं. चेन्नईत समुद्र शेजारीच, दुपारची आर्द्रता ५०-६० टक्के असते, घाम येतो पण उडतच नाही, नुसता वाहतो, शर्ट पाठीला चिकटतो तो संध्याकाळपर्यंत चिकटलेलाच. सावलीत गेलात तरी उन्हाचा चटका तेवढा कमी होतो, घाम काही थांबत नाही. आणि ३८ वरच थांबेल याचीही खात्री नाही हां, ३१ मे २००३ ला चेन्नईत ४५ झालं होतं. (आपला रेकॉर्ड त्याहून मोठा आहे, २३ मे २०१३ चा ४७.९, पण यात मिरवण्यासारखं काय आहे ते मला कधी कळलं नाही.)

आता मुख्य गोष्ट, जी बाहेरून जाणाऱ्याला कोणी सांगत नाही. तिकडच्या दिवसाचं घड्याळ वेगळं आहे. नागपुरात तीन-चार वाजता सगळ्यात जास्त तापतं, म्हणून आपण सकाळी अकरा-बारापर्यंत कामं उरकतो आणि मग कूलरपुढे आडवे होतो. चेन्नईत पारा साधारण बारा-एकलाच टोकाला जातो, कारण त्यानंतर समुद्रावरून वारा सुटतो. जमीन लवकर तापते, समुद्र तापत नाही, जमिनीवरची हवा वर गेली की समुद्राकडची आत येते, शाळेत शिकलोय आपण हे. वारा आला की पारा दोन-चार अंश उतरतो. पण ज्या दिवशी पश्चिमेचा कोरडा वारा जोरात असतो त्या दिवशी तो समुद्राच्या वाऱ्याला आत येऊच देत नाही, तीन-तीन वाजेपर्यंत अडवून धरतो, आणि मग ४०-४१ होतं. मुलीला विचारा, तिकडचे लोक दुपारी एकमेकांना हेच विचारत असतात की वारा आला का.

म्हणून तुमचा प्लॅन असा ठेवा : पहाटे साडेपाच ते नऊ बाहेर, दहा ते साडेतीन घरात किंवा एसीच्या जागेत, चारनंतर परत बाहेर. आपल्या सवयीनं साडेदहाला नाश्ता करून अकराला निघालात तर फसलात.

तिसरा आठवडा म्हणजे अग्निनक्षत्र चालू असेल. साधारण ४ मे ते २८ मे, सूर्य कृत्तिकेच्या आसपास असतो तो काळ, तमिळ लोक त्याला कत्तिरी पण म्हणतात. गंमत म्हणजे ते संपत आलं की सूर्य रोहिणीत येतो आणि २५ मेला आपला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. म्हणजे तिकडून भाजून निघालात की इकडे तवा तयारच आहे.

प्रश्न : मुलानं तिकडे भाड्यानं फ्लॅट घेतलाय, एसी नाही. आपला डेझर्ट कूलर ट्रान्सपोर्टनं पाठवावा का? सोबत तीन वर्षांची नात आहे. (बेसा)

उत्तर : नका पाठवू. कूलर चालतो तोच कोरड्या हवेच्या जिवावर, पाणी उडालं तर हवा गार होणार ना. तिकडे हवा आधीच ओली, कूलर लावला तर खोलीत अजून दमट होईल आणि नातीच्या अंगावर घामोळ्या उठतील. ट्रान्सपोर्टच्या पैशात दोन महिने एसी भाड्यानं घ्या, शहरात मिळतात. तो होईपर्यंत फॅन आणि खिडक्या उघड्या, शक्यतो पूर्वेच्या. नातीला दिवसातून दोनदा आंघोळ घाला, पावडरचे थर नका लावू.

प्रश्न : आई ७० वर्षांची, बीपीची गोळी चालू आहे. तिला मैलापूरच्या कपालीश्वराचं दर्शन आणि महाबलीपुरम दोन्ही करायचंय. अनवाणी चालावं लागेल का? आम्ही नेहमीप्रमाणे दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून जाऊ. (इतवारी)

उत्तर : कांदा खुशाल न्या, जेवताना कामी येईल.

दुपट्ट्याचं मात्र ऐका. आपण तोंड-कान घट्ट बांधतो ते लू लागू नये म्हणून, अंगापेक्षा गरम कोरडी हवा कातडीला लागू नये म्हणून. चेन्नईत समुद्राकाठी तशी लू नसते, तिथे सगळा खेळ घाम उडण्याचा आहे, आणि तोंडच बांधून ठेवलं तर तेवढाही घाम उडणार नाही. छत्री घ्या. साधी काळी छत्री, लाजू नका, तिकडे पुरुषही उन्हात छत्री घेऊन फिरतात. कपडे सैल, पातळ सुती, आणि एक जोड पिशवीत जास्तीचा.

कपालीश्वर दुपारी बारा-साडेबाराला बंद होतं ते चारला उघडतं, तिकडच्या बऱ्याच मंदिरांचं असंच असतं. बाराच्या आत पोचू म्हणून साडेअकराला धावत जाऊ नका, अंगणातली दगडी फरशी तेव्हा अशी तापलेली असते की पाय टेकवत नाही, लोक टाचांवर पळत सावलीत जातात, आणि ७० वर्षांच्या माणसानं तिथे पळायचं नसतं. सहाला जा. सकाळी फरशी गार असते, गोपुरावर कोवळं ऊन असतं, बाहेर जाई-मोगऱ्याचे गजरे विकायला बसलेल्या बायका असतात, आणि मग शेजारच्या गल्लीत फिल्टर कॉफी. आईंना ते जास्त आवडेल.

महाबलीपुरम ५५-६० किलोमीटर आहे, ईस्ट कोस्ट रोडनं. पुरातत्त्वची जागा सकाळी सहाला उघडते, चेन्नईहून साडेचार-पाचला गाडी काढा. चपला घालून फिरता येतं, पण पंचरथांच्या आवारात सावली जवळजवळ नाहीच आणि सगळा ग्रॅनाइट, त्यामुळे आधी पंचरथ, मग शोअर मंदिर, मग गंगावतरणाचं मोठं शिल्प, आणि नऊ-साडेनऊला गाडीत. चार वास्तू राहिल्या तर राहू द्या. दुपारी काही बघायचंच असेल तर एग्मोरचं सरकारी म्युझियम, १८५१ चं आहे, चोळ राजांच्या काळातल्या ब्राँझच्या मूर्ती तिथल्या बघण्यासारख्याच. फक्त शुक्रवारी बंद असतं.

बीपीच्या गोळीचं निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात असा घाम म्हणजे अंगातलं पाणी दोन्हीकडून जातं. चक्कर, पोटऱ्यांत गोळे, मळमळ झाली तर लगेच सावलीत आडवं करून ओआरएस पाजा. पण बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर ओआरएस वगैरे करत बसू नका, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ लावा.

प्रश्न : मरीनावर पोहता येतं का? आम्ही चार मित्र आहोत. (हॉस्टेल, अंबाझरी रोड)

उत्तर : नाही. तिथे पाण्यात उतरायला बंदी आहे आणि ती उगीच नाही, आतून ओढ जबरदस्त असते, तलावात पोहलेल्याला तिचा अंदाज येत नाही. दरवर्षी पोरं बुडून जातात. संध्याकाळी वाळूत बसा, सुंडल (उकडून फोडणी दिलेले हरभरे) खा, परत या.

प्रश्न : आम्ही इकडे पन्हं आणि ताकावर उन्हाळा काढतो. तिकडे काय प्यावं? पाण्याचं काय? टंचाई असते म्हणतात. (महाल)

उत्तर : ताक तिकडेही आहेच, नीर मोर म्हणतात, पातळ, आलं-मिरची-हिंग-कढीपत्ता घातलेलं, उन्हाळ्यात रस्त्यावर मांडव टाकून फुकट वाटतात, आपल्या पाणपोईसारखंच. शहाळी ढीगभर. पण खायचेच तर ताडगोळे खा, तिकडे नुंगु म्हणतात. आपल्या शहरात फारसे मिळत नाहीत, सिरोंच्याकडच्या लोकांना माहीत असतील. गाडीवाला कोयत्यानं काळ्या फळाचा माथा उडवतो, आत तीन डोळे दिसतात, त्यातला गर अंगठ्यानं उचकटून काढायचा. वरची पिवळसर साल सोलली की आत अर्धपारदर्शक, थरथरणारा गोळा, चावला की पाणी सुटतं. गोड म्हणाल तर किंचितच. कोवळाच मागा, जून झाला की रबरासारखा लागतो.

आंबा म्हणाल तर आपल्याकडे येतो तो बैगनफल्ली तिकडेही असतो, पण इमाम पसंत मिळाला तर तो आधी घ्या, महाग आहे, घ्याच.

टंचाईचं म्हणाल तर २०१९ च्या जूनमध्ये शहराचे तलाव खरोखरच कोरडे पडले होते, जोलारपेटहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, जसं २०१६ ला मिरजेहून लातूरला नेलं होतं. दरवर्षी तसं होत नाही, आता समुद्राचं पाणी गोडं करणारे प्लांटही आहेत. तरी घरगुती ठिकाणी उतरणार असाल तर पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, हे बुक करायच्या आधी विचारा. प्यायला कॅनचंच पाणी घ्या.

प्रश्न : बाबा म्हणतात मे नको, जूनच्या मध्यावर जाऊ, मृग बरसला की सगळीकडे गार होतं. बरोबर ना? (मानेवाडा)

उत्तर : आपल्याकडे होतं, चेन्नईत नाही. नैऋत्य मोसमी पाऊस सह्याद्रीच्या पश्चिमेलाच बहुतेक रिकामा होतो, पूर्वेला उतरतो तो कोरडा, गरम वारा. म्हणून जूनमध्येही तिकडे ३८-४० असतं, एखाद्या संध्याकाळी वळवासारखी सर येऊन जाते तेवढीच. त्यांचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येचा, आणि तो आला की कधीकधी शहरच बुडतं, डिसेंबर २०१५ आठवा. तेव्हा बाबांना जून सोडून थेट जानेवारी-फेब्रुवारी सांगा. फक्त पोंगलचा आठवडा, १४ जानेवारीच्या मागचापुढचा, टाळा, त्या दिवसांत तिकडच्या गाड्यांना रिझर्व्हेशन मिळणं अवघड. तमिळनाडू एक्सप्रेसचं तिकीट आत्तापासून डोक्यात ठेवा, बुकिंग उघडलं त्याच सकाळी काढा.