पट्टी आजच्या आज लिहायची तर

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात माझं हळदीचं अडत दुकान आहे. वय ३८. मनोविकारतज्ज्ञांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जातं त्या विकाराचं निदान केलंय, पण रक्तदाब जास्त असल्यामुळे गोळ्या तूर्त नकोत म्हणाले. सौद्यात माझं कधी चुकत नाही. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, करायला बसलो की मात्र अर्ध्यात उठतो. जीएसटी दर महिन्याला लांबतो, दंड बसतो. घरचे म्हणतात, मनावर घेत नाही. गोळ्यांशिवाय काय करता येईल?

उत्तर : मनावर घेण्याचा हा प्रश्नच नाही. सौद्यात बोली लागते, समोर माणसं असतात, निकाल जागेवर लागतो. तिथे लक्ष आपोआप टिकतं. पट्टीत यातलं काही नाही, आणि ती राहिली तर त्रास होतो तो नंतर. एडीएचडीत हा नंतरचा त्रास आत्ता हात हलवायला पुरत नाही. म्हणून रेटा बाहेरून, कामाच्या टेबलावरच उभा करायचा.

पट्ट्यांचा सगळा गठ्ठा समोर घेऊ नका. पाच शेतकऱ्यांचे कागद टेबलावर, बाकीचे ड्रॉवरमध्ये. स्वयंपाकघरात वापरतात तसा फिरवायचा टायमर आणून २० मिनिटांवर लावा. मोबाइलचा टायमर नको. वेळ बघायला उचलाल आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शिराल. त्याच वेळी दिवाणजींना समोर बसून त्यांची रोजकीर्द लिहू द्या. त्यांनी तुम्हाला तपासायचं नाही, गप्पाही नाहीत. नुसती सोबत असली तरी अनेकांना बसणं जमतं. मध्येच हमालांचे पैसे आठवले तर शेजारच्या कोऱ्या कागदावर एक ओळ लिहा, उठू नका. टायमर वाजल्यावर पुढच्या पट्टीवर शेतकऱ्याचं नाव घाला आणि मगच पाणी प्यायला जा. परत आल्यावर कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि गाडी अडते ती नेमकी तिथेच.

जीएसटी दरमहा भरणाऱ्यांना आर-१ ची (विक्रीचं विवरणपत्र) मुदत ११ तारीख, ३बी ची (कर भरायचं विवरणपत्र) २०. तुम्ही या दोन्ही विसरा आणि ५ तारीख धरा. त्या दिवशी बिलं कर सल्लागारांकडे पोचली नाहीत तर त्यांनीच फोन करायचा, असं त्यांच्याशी बोलून ठेवा. बिलं येतील तशी एकाच लाल पिशवीत टाका, लावत बसू नका. अलार्मवर ‘जीएसटी’ असं लिहाल तर तो बंद कराल आणि विसराल. ‘लाल पिशवी उचल’ असं लिहा, आणि पिशवी हाताशी असेल त्याच वेळी तो वाजू द्या. गाडीवर असताना वाजलेला अलार्म फुकट जातो.

काही आठवड्यांनी नवेपणा ओसरेल आणि हे सगळं बंद पडेल. बहुतेकांचं पडतं. तेव्हा साठलेल्या कामापासून सुरुवात करू नका; ते वेगळ्या खोक्यात टाका, आजच्या पाच पट्ट्या आधी करा.

झोप अपुरी असेल तर यातलं निम्मंही चालणार नाही. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा. प्रौढांच्या एडीएचडीसाठी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी करणारे मानसशास्त्रज्ञ मिळाले तर जरूर जा. तिथे वेळेचं नियोजन आणि टाळाटाळ यांवर दर आठवड्याला सराव देतात. नुसतं मन मोकळं करणं पुरत नाही. गोळ्यांचं दार मात्र कायमचं लावू नका. मूळ लक्षणांवर सर्वांत भक्कम पुरावा त्यांचाच आहे, तेव्हा रक्तदाब आटोक्यात आल्यावर डॉक्टरांना पुन्हा विचारा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांनाही हेच निदान झालंय. लाइटबिल, मुलांची फी, गॅस, दिवसभर मीच आठवण करून देते. हे चिडतात, मी थकते. सोडून देऊ का? (सातारा)

उत्तर : एकदम सोडू नका, ताई. आठवणीची वेळ बांधून घ्या : रात्री जेवणानंतर १० मिनिटं. उद्याची तीनच कामं त्यांनी स्वतःच्या हाताने फ्रीजवरच्या फळ्यावर लिहायची. तुम्ही लिहिलीत तर ती पुन्हा तुमचीच आठवण होते. लाइटबिल बँकेतून आपोआप जाऊ द्या. फी तूर्त तुमच्याकडे राहू दे. बदल्यात मुलांना शाळेत सोडणं पूर्णपणे त्यांचं, त्यात तुम्ही डोकावायचं नाही. दिवसा विचारावंच लागलं तर ‘केलंत का?’ नको, ‘आधी कुठलं घेताय?’ असं विचारा.