क्लॅम्प सरकतोय? बोल्ट आवळण्याआधी कानांमधली फट पाहा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बोअर ४०० फुटांचा आहे, पाइप सव्वा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी), आणि बोअरमधली मोटार काढताना क्लॅम्प, म्हणजे पाइप धरून ठेवणाऱ्या, बोल्टने आवळायच्या दोन लोखंडी पट्ट्या, दोनदा सरकला म्हणून काम अर्धवट सोडलं. मेकॅनिक म्हणतो, बोल्ट अजून आवळू आणि काढू. हे वाचून राहवलं नाही. वरुडकडच्या आमच्या वावरात अगदी असंच झालं होतं आणि शेवटी मोटारीसकट सगळा पाइप तळाला गेला. तो क्लॅम्प बदलल्याशिवाय कोणालाही पुढचं काम करू देऊ नका.

घोडी (पाइप उचलायची तिवई), चेनपुली, पाने यावर काही लिहीत नाही, ते तुमच्याकडे ठीक असेलच. मी मेकॅनिक नाही, संत्र्याचा शेतकरी आहे. पण या एका गोष्टीची किंमत आम्ही मोजली आहे.

आधी वजन समजून घ्या. ४०० फूट म्हणजे २० पाइप. मीडियम क्लासचा (मध्यम जाडीचा) सव्वा इंची पाइप मीटरला ३ किलोच्या वर भरतो, म्हणजे नुसता पाइपच पावणेचार क्विंटलच्या पुढे. पंपाचा वॉल्व पाणी खाली सोडत नाही, त्यामुळे पाइप भरलेलाच वर येतो. मीटरला १ लिटर धरा, आणखी सव्वा क्विंटल. मोटार, पंप, केबल वेगळे. पावसाळ्यानंतर बोअरमध्ये पाणी वर असतं तेव्हा बुडालेल्या भागाचा भार कमी लागतो. मे महिन्यात पातळी तळाला गेली की क्लॅम्पवर जवळपास सगळंच वजन येतं, आणि मोटारी काढायची वेळही तीच. शिवाय प्रत्येक सॉकेट (दोन पाइप जोडणारा तुकडा) उघडलं की वरच्या पाइपातलं पाणी क्लॅम्पवरच सांडतं. म्हणून उतरवताना नीट टिकलेला क्लॅम्प काढताना सरकतो.

आता आमच्याकडे काय झालं ते. आलेल्या पोरांकडे दीड इंचीचा क्लॅम्प होता आणि पाइप सव्वा इंची. सव्वा इंची पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे ४२ मिमी, दीड इंचीचा ४८. मधली फट भरायला त्यांनी जुनी ट्यूब कापून आत घातली. बोल्ट पूर्ण आवळले, दोन्ही कान, म्हणजे बोल्ट बसतात ती पट्ट्यांची टोकं, एकमेकांना टेकले. पोरं म्हणाली, "आता हालत नाही भाऊ, पुरा टाइट झाला." खरं तर कान टेकले याचा अर्थ क्लॅम्प पाइपाला धरतच नाही. तुम्ही किती का आवळा, सगळा जोर कान कानाला दाबण्यात जातो, पाइपाला काहीच मिळत नाही. बरोबर मापाच्या क्लॅम्पमध्ये पूर्ण आवळल्यावरही दोन कानांमध्ये स्पष्ट फट राहते. ती फट दिसत नसेल तर तो क्लॅम्प फेकून द्या. ओल्या जीआयवर रबर तर अजिबात नको.

त्याहून वाईट म्हणजे तो क्लॅम्प त्यांनी पाइपाच्या मधोमध लावला होता, कारण तिथे पाना फिरवायला सोपं पडत होतं. क्लॅम्प नेहमी सॉकेटच्या लगेच खाली लागला पाहिजे. सॉकेट केसिंगच्या (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या मोठ्या पाइपाच्या) वर येऊ द्या, त्याच्या खाली क्लॅम्प आवळा, चेन हळूच सैल करून सॉकेट क्लॅम्पवर बसू द्या, मगच वरचा पाइप उघडा. मग पकड थोडी कमी पडली तरी सॉकेट अडतं. क्लॅम्प दोन हवेत, एक चेनला आणि एक खाली, आणि खालच्यावर भार पूर्ण आल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. हे ज्या मेकॅनिकला पटत नाही त्याला परत पाठवा, असं माझं स्पष्ट मत आहे. वेळ वाचवण्याच्या नादात माणसाचा हातही जाऊ शकतो.

क्लॅम्प वेल्डरकडून करून घेणार असाल तर त्याला पाइपाचा तुकडाच द्या, तोंडी माप सांगू नका. पट्टी १० मिमीपेक्षा बारीक नको. बोल्ट १६ मिमीचे, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेले, वायसर आणि डबल नट लावून.

आमची मोटार वॉरंटीत होती. सर्व्हिसच्या कार्यालयात गेलो तर म्हणे मोटार आणून दाखवा. मोटार ४०० फुटांवर पाइपाखाली दबलेली, ती आणायची कुठून? क्लॅम्प त्याच दुकानातून, त्याच बिलावर आला होता. पण बिलावर नुसतं 'फिटिंग साहित्य' लिहिलेलं, माप नाही. तेवढ्यावर आम्हाला हात हलवत परत पाठवलं. झाडावर अंबिया बहाराची फळं होती आणि पाणी बंद. त्या वर्षी जी गळ झाली ती अजून डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून क्लॅम्प, सॉकेट, पाइप या प्रत्येकाचं माप आणि क्लास बिलावर लिहून घ्या. दुकानदार कंटाळला तरी घ्या.

आणखी एक. परत बसवताना वरचा कायमचा क्लॅम्प पीव्हीसी केसिंगच्या काठावर टेकवू नका. केसिंग एवढ्या भारासाठी नसते, ती तडकते. सिमेंटचा ओटा करून त्यावर दोन लोखंडी चॅनल आडवे टाका आणि क्लॅम्प त्यांवर बसवा. ऑटो स्टार्टर (लाइन आली की मोटार आपोआप चालू करणारा) असेल तर तोही काढा असं मी म्हणेन. लाइन सारखी जाते-येते, प्रत्येक सुरुवातीला मोटार पाइपाला पीळ देते आणि ढिलं राहिलेलं सॉकेट हळूहळू उघडतं. काही जणांना हे पटणार नाही, रात्रीच्या लाइनला वावरात कोण जाणार, हेही खरं आहे.

मोटारीला नायलॉनची दोरी बांधलेली असेल तर तिच्यावर विसंबू नका. एवढं वजन सुटलं की तिचं काही चालत नाही. एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपाचं गणित वेगळं आहे, तिथे यातलं बरंचसं लागू नाही.

तुमच्या क्लॅम्पचा आवळलेल्या स्थितीतला फोटो टाका, दोन्ही कान दिसतील असा. तोवर पाइप जसा लटकलाय तसाच राहू द्या, फक्त सॉकेट खालच्या क्लॅम्पवर टेकलंय का ते लगेच पाहून घ्या. नसेल टेकलं तर चेन अजिबात सोडू नका.