नोकरीनंतर पुन्हा वकिली : सनद, परीक्षा आणि सत्तेचाळिसावे वर्ष

प्रश्न : मी २००४ साली नाशिकमध्येच एलएल.बी. झाले, त्याच वर्षी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली आणि येथील जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे साधारण पाच वर्षे दिवाणी काम केले. २००९ मध्ये घरच्या अडचणींमुळे अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात नोकरी धरली आणि आज त्या विभागाची व्यवस्थापक आहे. आता मुलीचे शिक्षण संपत आले असून पुन्हा काळा कोट चढवावा असे फार वाटते. मात्र नोकरी लागली तेव्हा मी वकील परिषदेला काहीच कळवले नव्हते. माझी सनद अजून शाबूत आहे का? परीक्षा द्यावी लागेल का? आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी कोणाची ज्युनिअर म्हणून उभे राहावे, की थेट स्वतःचे कार्यालय थाटावे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नोकरी धरल्यामुळे सनद आपोआप रद्द होत नाही, परंतु त्या काळात वकिली करण्याचा हक्क थांबतो. भारतीय वकील परिषदेच्या नियमावलीतील नियम ४९ नुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. ती स्वीकारल्यास आपल्या राज्याच्या परिषदेला कळवून, नोकरी असेपर्यंत वकिली बंद ठेवावी लागते. आपण वकिली बंद ठेवलीत, पण कळवायचे राहून गेले. ही त्रुटी झाकून पुढे जाणे हा सर्वांत वाईट मार्ग ठरेल. राजीनामा मंजूर होऊन कार्यमुक्तीचे पत्र हाती आले, की नोकरीच्या आरंभ-अखेरच्या तारखा आणि न कळवण्याचे कारण प्रतिज्ञापत्रावर स्पष्ट लिहून, मूळ सनदेसह महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे वकिली पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करावा. भारतीय वकील परिषदेच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्यक्ष वकिली करणाऱ्यांची पडताळणी सुरू झाली. तो अर्जही आपण भरलेला नसणार, तेव्हा त्याचीही पूर्तता करून घ्यावी. परिषदेचा होकार लेखी येईपर्यंत एकाही वकीलपत्रावर सही करू नये. ‘एवढे कोण बघतो’ असे सांगणारे बार रूममध्ये भेटतील. समोरच्या पक्षाचे वकील मात्र नेमके तेवढेच बघतात, आणि हक्क नसताना वकिली केल्यास अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

अखिल भारतीय वकील परीक्षा २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे पदवी घेतलेल्यांना लागू आहे, त्यामुळे पदवीच्या वर्षाकडे पाहता आपण तिच्या बाहेर आहात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी ही परीक्षा वैध ठरवली, तेव्हा अन्य व्यवसायात दीर्घ काळ घालवून परतणाऱ्यांचा मुद्दाही चर्चेत आला होता. म्हणून याबाबतची परिषदेची भूमिका अर्जासोबतच लेखी मागून घ्यावी.

कायद्याच्या बाबतीत आपल्याला जितकी धास्ती वाटत असेल तितकी बाळगण्याचे कारण नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा सांगाडा तोच आहे. दावा, कैफियत, निशाणी पाचचा म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, सरतपासाचे प्रतिज्ञापत्र आणि उलटतपास हा क्रम आपण पाच वर्षे हाताळलेला आहे. फौजदारी बाजूला मात्र १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि तेथे जुने पाठांतरच घात करते. पूर्वी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ म्हटले की उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार डोळ्यांसमोर येत. आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८२ अटकपूर्व जामिनाचे आहे, आणि ते अंगभूत अधिकार कलम ५२८ मध्ये गेले आहेत. त्यात भर अशी, की १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू राहते, म्हणजे पुढची अनेक वर्षे दोन्ही पुस्तके टेबलावर ठेवावी लागतील.

आपल्या नोकरीशी थेट भिडणारा बदल पुराव्याचा आहे. हजेरीच्या यंत्रातील नोंदी, प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याचे चित्रण, पर्यवेक्षकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप, हे सारे आपण चौकशीच्या फाइलला सहज जोडत आला असाल. न्यायालयात त्यासाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे ते मोकळ्या मजकुरात देऊन आता भागत नाही, कारण अनुसूचीत त्याचा नमुनाच दिलेला आहे. त्याचा पहिला भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्यही, म्हणजे ती बदललेली नाही हे पडताळता येणारा संगणकीय संकेतांकही, द्यावा लागतो. हा नमुना एकदा स्वतःच्या हाताने भरून पाहावा.

ज्युनिअर म्हणून उभे राहण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : उभे राहावे, पण मुदत ठरवून. आपला तुटला आहे तो कोर्टाचा सराव. कोणत्या अर्जावर ‘म्हणणे द्यावे’ असा आदेश होतो, मुदत अर्ज कधी खर्चासह मंजूर होतो, रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, काय लिहिले गेले हे त्याच दिवशी का पाहावे, या गोष्टी रोज बोर्डावर उभे राहिल्यानेच अंगवळणी पडतात. ज्यांच्याकडे जाल ते सीनिअर कदाचित आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील आणि त्यांना ‘सर’ म्हणावे लागेल. व्यवस्थापकाच्या खुर्चीवरून उठून आलेल्या व्यक्तीला हे पहिले काही महिने बोचते. वर्ष-दीड वर्ष त्यांच्या कामाला द्यावे आणि स्वतःची प्रकरणे घेण्याची मोकळीक पहिल्याच दिवशी बोलून ठेवावी. त्या काळात घरखर्च वकिलीतून निघेल असे धरून चालू नये. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम कार्यालयाच्या पागडीत घालण्यापेक्षा बाजूला ठेवलेली बरी.

खरी जमेची बाजू म्हणजे आपण जी वर्षे ‘गेली’ असे समजत असाल तीच. सातपूर, अंबड आणि सिन्नर येथे उद्योग आहेत, नाशिकमध्ये कामगार न्यायालय आणि औद्योगिक न्यायालय आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता आल्यामुळे या क्षेत्रातील मुरलेल्या वकिलांनाही नव्याने वाचावे लागत आहे. आरोपपत्र कसे लिहिले जाते, खातेनिहाय चौकशी कोठे कच्ची राहते, कंत्राटी कामगारांची नोंदवही प्रत्यक्षात कोण भरते, हे आपल्याला आतून माहीत आहे. अर्थात, औद्योगिक विवादात वकिलाला उभे राहण्यासाठी समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम ३६(४) ची ही अट नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे, आणि आपल्या कारखान्यानेही कधीतरी कामगाराच्या वकिलाला याच मुद्द्यावर हरकत घेतली असेल. म्हणून केवळ या कामावर विसंबू नये. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ खालील अंतर्गत समितीवर बाहेरचा एक सदस्य लागतो, आणि कामगार, सेवा, दिवाणी किंवा फौजदारी कायद्याची माहिती असलेली व्यक्ती त्या जागी चालते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला ही समिती बंधनकारक असल्याने आपल्याला तेथे काम मिळू शकते.

एक पथ्य मात्र पहिल्या दिवसापासून पाळावे लागेल. ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होण्याची शक्यता आहे ते वकिलाने स्वीकारू नये, असा भारतीय वकील परिषदेच्या आचारनियमांतील नियम १३ आहे. आपल्या सहीने ज्यांना आरोपपत्र किंवा बडतर्फीचा आदेश गेला, त्यांची प्रकरणे कारखान्यातर्फेही घेता येणार नाहीत आणि कामगारातर्फे तर नाहीच. तेथे मालकाची म्हणून समजलेली गुपिते दुसऱ्या पक्षकाराच्या उपयोगी आणणेही वर्ज्य समजावे. तेव्हा राजीनामा देण्यापूर्वी अशा प्रलंबित प्रकरणांची यादी स्वतःपुरती करून ठेवावी, आणि ज्यांच्याकडे काम शिकायला जाल त्या सीनिअरना ती पहिल्या भेटीतच दाखवावी.