जिममधल्या ट्रेनरसाठी ४२ हजार मोजावेत का?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ४२, ठाण्यातल्या खासगी कंपनीत अकाउंट्सची नोकरी, हातात येणारा पगार ६२ हजार. घराच्या हप्त्यातला वाटा, मुलीचे क्लास आणि ५ हजारांची एसआयपी जाऊन महिनाअखेर फार काही उरत नाही. तपासणीत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ आलं. डॉक्टरांनी नुसतं चालून भागणार नाही, स्नायूंचा व्यायामही करा म्हणून सांगितलं. जिमची वर्षाची फी जूनमध्येच भरली आहे. आता जिमवाले पर्सनल ट्रेनिंग घ्या म्हणून मागे लागलेत: महिन्याला ८ सेशन ६,८०० रुपये, १२ सेशन ९ हजार, आणि ‘आज भरलं तर’ सहा महिन्यांची ७२ सेशन ४२ हजारांत. मिस्टरांचं म्हणणं, यूट्यूबवर सगळं फुकट आहे. सहा महिने एसआयपी थांबवून हे घ्यावं का, असं त्या विचारतात.

ताई, ट्रेनर घ्या. पण सहा महिन्यांचं पॅक घेऊ नका आणि एसआयपीला हात लावू नका.

आधी पॅकचा हिशेब. ४२ हजार भागिले ७२ म्हणजे सेशनला ५८३ रुपये. ८ च्या पॅकमध्ये तेच ८५० पडतात. कागदावर मोठं पॅक स्वस्तच आहे. पण तुम्हीच लिहिलंय की जिमच्या अ‍ॅपवर जून ते सप्टेंबर तुमच्या २९ हजेऱ्या आहेत. म्हणजे महिन्याला सातच्या आसपास. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात; ११ आणि २० तारखेच्या जीएसटी रिटर्नच्या आसपास संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघणं होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच वेगाने सहा महिन्यांत ४२ सेशन होतील, बाकीची ३० मुदत संपली म्हणून बुडतील. मग खरा दर पडला सेशनला १,००० रुपये. ८ च्या पॅकमधली सातच केलीत तरी दर ९७१ राहतो. स्वस्त पॅक स्वस्तसुद्धा पडत नाही.

यावर जिमचा मॅनेजर म्हणेल, ट्रेनर वाट बघतोय म्हटल्यावर मॅडम हजेरी वाढते. खरं आहे, वाढते. महिन्याला १२ पैकी १० सेशन व्हायला लागली तर मोठ्या पॅकचा दर ७०० वर येतो आणि माझा हिशेब उलटतो. तसं झालं तर आनंदच आहे, तेव्हा मोठं पॅक घ्या. पण आधी दोन महिने हजेरी दिसू दे. हजेरी वाढेल या आशेवर ४२ हजार आगाऊ देण्यात जोखीम सगळी तुमची आणि पैसा त्यांचा. शिवाय बारा सेशनची गरज तरी कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाची आणि जोडीला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीची आहे. ही मिनिटं स्टेशनपर्यंत भरभर चालूनही भरतात. त्याला ट्रेनर लागत नाही.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कोणता व्यायाम करायचा हे व्हिडिओ चांगलं दाखवतो. पण वाकून वजन उचलताना तुमची पाठ गोल होतेय की नाही, हे व्हिडिओला दिसत नाही. ट्रेनरला पैसे द्यायचे ते या नजरेसाठी, आणि ती नजर काही वर्षभर विकत घ्यावी लागत नाही. जिममध्ये एकदा नीट बघा. निम्मे ट्रेनर एका हातात मोबाइल धरून लेग प्रेसशेजारी उभे असतात आणि ‘लास्ट टू मॅडम, लास्ट टू’ करत आकडे मोजतात. आकडे तुम्ही दिवसभर मोजताच, त्याचे हजार रुपये कशाला द्यायचे?

म्हणून पहिल्याच दिवशी ट्रेनरला स्पष्ट सांगा: मला दोन-अडीच महिन्यांत स्क्वॉट, खाली वाकून वजन उचलणं, ढकलण्याचे आणि ओढण्याचे दोन-दोन प्रकार एकटीने करता यायला हवेत. कोणता व्यायाम, किती किलो, किती वेळा हे तुमच्या वहीत तुम्ही लिहायचं. शिकवायला तयार असलेला ट्रेनर हे ऐकून खूश होतो. ‘मॅडम, इतकं टेन्शन घेऊ नका, मी आहे ना’ म्हणणारा टाळा. आपल्याकडे ट्रेनर म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र मागायला लाजू नका. एसीई, एनएससीए, एसीएसएम किंवा के११ अशा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव दिसलं तर निदान शरीरशास्त्राची तोंडओळख झालेली असते. आणि तुमची साखर सीमारेषेवर आहे हे त्याला सांगाच. त्यावर त्याने गोळ्यांचा किंवा डाएटचा उपाय सुचवला तर तो आधी डॉक्टरांना विचारा. तिसऱ्या-चौथ्या सेशनला प्रोटीनचा डबा पुढे येईल, तो ४२ हजारांत धरलेला नाही.

बिलाकडेही बघा. जिमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झालाय. सांगितलेल्या दरात तो धरलाय की वेगळा, हे पैसे भरण्याआधी विचारा. ४२ हजारांवर ५ टक्के म्हणजे २,१०० आणि १८ टक्के म्हणजे ७,५६०. अजून जुन्याच दराने लावत असतील तर ती चूक तुमच्याइतकी पटकन कोण पकडणार! करसवलत मात्र विसरा. आरोग्यविम्याच्या करवजावटीत आरोग्य तपासणीचे ५ हजारांपर्यंत बसतात, तेही जुन्या करप्रणालीत. जिम आणि ट्रेनर बसत नाहीत. कंपनीत वेलनेसच्या नावाखाली काही परत मिळतं का, ते एचआरला एकदा विचारा.

पावतीवर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं छापलेलं असेल. ट्रेनर जिम सोडून गेला तर काय, आजारपणात सेशन पुढे ढकलता येतील का, ही दोन उत्तरं लेखी घ्या. ट्रेनर वरचेवर जिम बदलतात, पॅक मात्र जिमच्या नावावर राहतं. पैसे अडकले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण नोकरी सांभाळून तिचा पाठपुरावा करायचा म्हणजे नाकी नऊ येतात. ६,८०० अडकलेले परवडतात, ४२ हजार नाही.

आता पैसे कुठून? एसआयपीचे सहा हप्ते म्हणजे ३० हजार. १२ टक्के धरले तर १५ वर्षांत सुमारे १ लाख ६४ हजार. असे आकडे दाखवून लोकांना घाबरवणं मला आवडत नाही, त्या हिशेबाने नवी चप्पलही घेता येणार नाही. माझी हरकत वेगळी आहे. आपोआप कापला जाणारा हप्ता एकदा थांबवला की सहा महिन्यांनी आठवणीने सुरू करणारी माणसं मी फार कमी पाहिलीत. पत्राच्या शेवटी तुम्ही पतपेढीच्या आरडीचा उल्लेख केलाय, नोव्हेंबरमध्ये ३५ हजार मिळणार आहेत आणि त्यांचं काही ठरलेलं नाही. ट्रेनरचे पैसे त्यातून द्या. दोन महिने ८-८ सेशन, म्हणजे १३,६००. तिसऱ्या महिन्यात आठवड्याला एकच, चुका तपासून घेण्यापुरतं. सुटं सेशन हजाराला पडलं तरी ४ हजार. एकूण १७,६००, आणि वर जीएसटी लागलाच तर आणखी ८८०. त्याच वेळेला येणारी एखादी मैत्रीण असेल तर दोघींत एक ट्रेनर देता का, तेही विचारा. पुष्कळ जिम तयार होतात.

आरडीतले साधारण १७ हजार उरतील. त्यातून जूनमधल्या जिम नूतनीकरणाची रक्कम बाजूला काढा, बाकीची अडीअडचणीच्या पैशांत टाका. तीन महिन्यांनंतरची एचबीए१सी तपासणी डॉक्टर सांगतीलच, तिचे पैसेही यातूनच. आणि ‘आज भरलं तर’ची काळजी करू नका, जानेवारीत संकल्पवाल्यांची गर्दी सुरू झाली की तीच ऑफर नव्या फलकावर येईल.