शंका-समाधान : दान, कर आणि गरिबांचा वाटा

प्रश्न : आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) बायबल अभ्यासवर्गात या विषयावर बराच वाद झाला. काहींचे म्हणणे असे की, ख्रिस्ताने द्यायला सांगितले ते स्वखुशीने; सरकार कर वसूल करून त्यातून रेशन, निवृत्तिवेतन आणि अनुदाने देते, त्यात देणाऱ्याच्या इच्छेचा प्रश्नच येत नाही, म्हणून त्याला ख्रिस्ती शिक्षणाचा आधार नाही. इतरांच्या मते गरिबांची सोय लावणे हे सरकारचेच काम आहे. पवित्र शास्त्र कोणाच्या बाजूने आहे? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : पहिल्या पक्षाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा नववा अध्याय पुढे केला असणार, या वादात तो हटकून येतो. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवले असेल तसे द्यावे, कष्टी होऊन किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, असे प्रेषित पौल तिथे सांगतो. पण हे सांगणे आहे एका ठरावीक वर्गणीविषयी. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो मासेदोनिया आणि अखया या प्रांतांतील मंडळ्यांतून पैसे गोळा करत होता. सक्तीने वसूल करण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता आणि त्याला तो नकोही होता. कराबद्दल त्याला जे म्हणायचे होते ते त्याने रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात स्वतंत्रपणे लिहिले आहे, आणि तिथे तो ज्याचा कर त्याला द्या असे सरळ सांगतो. तो कर त्या काळी रोमन सम्राट नीरोच्या राज्याला जात होता, तरीही त्या पैशाचे पुढे काय होते अशी अट पौलाने घातलेली नाही. जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या दांपत्याच्या प्रसंगातून मंडळीतील देणे ऐच्छिक होते एवढे सिद्ध होते, कारण जमीन विकण्यापूर्वी तुझीच होती आणि विकल्यावर तिची किंमतही तुझ्याच हाती होती, असे प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो. राज्याने गरिबांसाठी काय करावे हा विषय त्या प्रसंगात येतच नाही.

नियमशास्त्राकडे, म्हणजे मोशेच्या पुस्तकांकडे, वळले की या वादाची मांडणीच अपुरी वाटू लागते. त्यांतल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे की, शेताच्या कडेकोपऱ्यातले पीक पूर्णपणे कापू नये आणि मागे राहिलेला सरवा वेचू नये. तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावा. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात शेतात विसरलेली पेंढी, जैतुनाच्या झाडावर दुसऱ्यांदा हात न फिरवणे आणि द्राक्षमळ्यातील उरलेले घड यांचीही भर पडते. याला दान म्हणावे का? शेत मालकाचे असले तरी त्या कडेच्या कणसांवर देवाने आधीच दुसऱ्याचे नाव घातले आहे. रूथच्या दुसऱ्या अध्यायात हे अगदी जवळून पाहायला मिळते. मवाबातून आलेली विधवा रूथ कापणी करणाऱ्यांच्या मागे मागे संध्याकाळपर्यंत सरवा वेचते, तो झोडते आणि एफाभर (एफा हे जुने धान्यमाप) सातू घेऊन सासूकडे जाते. तिला वेचू देणे हे नियमाचे पालन होते. पण पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम ओढून तिच्या वाटेत टाका आणि तिला धमकावू नका, असे शेतमालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो, ते त्याचे औदार्य. एकाच शेतात, एकाच दिवशी, हक्क आणि दान अशा दोन्ही गोष्टी घडल्या, आणि पहिली गोष्ट नसती तर दुसरीला जागाच मिळाली नसती.

दुसऱ्या पक्षानेही इथे घाई करू नये. सरवा न ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्या उताऱ्यांत कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही, अंमलबजावणीसाठी कोणी अधिकारी नेमलेला नाही. लेवीयमध्ये ‘मी परमेश्वर तुमचा देव आहे’ एवढेच कारण दिले आहे. शिवाय इस्राएल हे देवाशी करार झालेले राष्ट्र होते आणि आजच्या राज्यघटनेवर चालणाऱ्या देशाला ते कायदे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र राज्यकर्ता या हिशेबातून सुटत नाही. बहात्तराव्या स्तोत्रात राजासाठी केलेली प्रार्थना ही गरिबांचा न्याय करणाऱ्या आणि कंगालांच्या लेकरांना वाचवणाऱ्या राजासाठी आहे. यिर्मया बाविसाव्या अध्यायात योशीया राजाची वाखाणणी करतो ती त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला म्हणून. आणि यशयाच्या दहाव्या अध्यायात अन्यायाचे कायदे करून गरिबांचा हक्क हिरावून घेणाऱ्यांचा धिक्कार आहे. ख्रिस्ताने कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, गरिबांसाठी योजना आखायला सांगितले नाही हे खरे, परंतु ज्या कोळ्यांशी आणि शेतकऱ्यांशी तो बोलत होता त्यांना कैसराच्या कारभारात काडीचाही अधिकार नव्हता. तुम्हाआम्हाला मताचा अधिकार आहे, त्यामुळे त्याच्या त्या मौनावर आपली भूमिका उभी करणे मला पटत नाही.

प्रश्न : पहिल्या काही शतकांतील मंडळीने सरकारची वाट न पाहता गरिबांना सांभाळले. मग आजच्या ख्रिस्ती लोकांनी ती जबाबदारी सरकारवर का ढकलावी? (एक वाचक भगिनी, मिरज)

उत्तर : मंडळीने सांभाळले, यात शंका नाही, आणि तेही शिस्तीने. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पाहा : ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी कुरकुर होताच त्या कामासाठी सात जण नेमले गेले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात साठ वर्षांवरील विधवांच्या यादीचा उल्लेख आहे, आणि ज्यांना मुले-नातवंडे आहेत त्यांना आधी घरच्यांनी सांभाळावे, मंडळीवर भार घालू नये, असेही तिथे बजावले आहे. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने दुष्काळात कोठारे बंद ठेवणाऱ्या धनिकांना खडे बोल सुनावले आणि पुढे शहराबाहेर रोगी, वाटसरू व कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. या कामाची सर्वांत बोलकी पावती दिली ती मात्र विरोधकाने. इ. स. ३६१ ते ३६३ या काळात राज्य करणारा रोमन सम्राट जुलियन ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळला होता. गलतीयातील आपल्या मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तो खंत व्यक्त करतो की, हे अधर्मी गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात आणि आमच्या लोकांना आमच्याकडून काही मिळत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. त्याच पत्रात त्याने शहराशहरांत धर्मशाळा काढण्याचा हुकूम दिला आणि त्यासाठी सरकारी धान्य व द्राक्षारस मंजूर केला. मंडळीचे काम पाहून सरकारी तिजोरी उघडली, असा हा प्रकार आहे.

म्हणूनच ‘ढकलणे’ हा आरोप सरसकट करता येत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीविषयी काढलेल्या परिपत्रकात दोन विधाने आहेत, आणि वाद घालणारे सोयीनुसार त्यांतले एकच उचलतात. आपल्या गरजा भागल्यावर जे उरते त्यातून देणे हे कर्तव्य आहे, परंतु पराकाष्ठेची निकड सोडली तर ते प्रीतीचे कर्तव्य आहे आणि मनुष्यकृत कायद्याने ते लादता येत नाही, हे एक विधान. श्रीमंतांना स्वतःचे रक्षण करण्याचे अनेक मार्ग असतात, गरिबांच्या समुदायाला मात्र मुख्यतः राज्याच्याच साहाय्यावर विसंबावे लागते, हे दुसरे. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी त्याला मर्यादाही घातली : लहान समूहाला जे जमते ते मोठ्याने हिसकावून घेऊ नये. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये या प्रश्नावर आजही एकमत नाही.

आपल्याकडचा अनुभव या दोन्ही बाजूंना धरून आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी मदतकेंद्रे तिथे सुरू होती, पण त्या केंद्रांत निराधार मुलींच्या वाट्याला काय येते हे त्यांनी स्वतः पाहून लिहिले, आणि अशा अनेक मुलींना बरोबर आणून केडगावला मुक्तिसदनात वाढवले. छावणीतल्या मुलीला आई होऊन वाढवणे कोणत्याही सरकारी खात्याला जमले नसते. उलट, १९७२ च्या दुष्काळात गावोगावच्या लाखो हातांना काम पुरवणे कोणत्याही मंडळीच्या किंवा मिशनच्या आवाक्यातले नव्हते. त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. या योजनेच्या खर्चासाठीच व्यवसाय कर बसवला गेला. नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी कपात दिसते, ती हीच. काम मागणाऱ्याला ते मागण्याचा हक्क, कष्ट मात्र त्याचे स्वतःचे : बवाजाच्या शेतातल्या सरव्याशी याचे नाते मला तरी स्पष्ट दिसते.

प्रश्न : ‘ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये’ हे वचन सरकारी अनुदानांना लागू करावे काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही, निदान सरसकट तरी नाही. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातील हे वचन मंडळीतल्या, हातपाय धड असून लुडबुड करत फिरणाऱ्या लोकांना उद्देशून आहे. काम करण्याची ज्यांची इच्छाच नाही त्यांच्याविषयी ते बोलते, ज्यांना काम मिळत नाही किंवा झेपत नाही त्यांच्याविषयी बोलत नाही. मजुरी अडवून ठेवणाऱ्या धन्यांना याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात जे सुनावतो, ते याच्या जोडीने वाचावे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरणारी विधवा किंवा अपंग माणूस पौलाच्या डोळ्यांसमोर नव्हता. अशा माणसाची अडचण बहुतेक वेळा कागदपत्रांची असते : उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, बँकेच्या खात्याला आधार जोडणे. मंडळीतील एखाद्या तरुणाने त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात जाऊन हे काम पुरे करून दिले तर ते दान आहे की सरकारी मदत, हा प्रश्न अभ्यासवर्गात जरूर घ्यावा. अर्ज मात्र त्याआधी भरून द्यावा.