रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकलं, तरी निळा स्क्रीन येतोच. दुकानदार म्हणतो प्रोसेसर कधी खराब होत नाही. खरं आहे का? आणि तपासायचं कसं?

खोटं आहे. प्रोसेसर खराब होतो. हेच वाक्य मी आमच्या दाजींकडून इतक्या वेळा ऐकलंय, की तुमचा प्रश्न दिसल्यावर हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

मी कोल्हापुरात लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. फोटोग्राफर फोटो झिप करून पाठवतात. ऐन सीझनमध्ये एक झिप उघडताना मधेच सीआरसी एरर आली, म्हणजे फाइलमधला डेटा पडताळणीत जुळला नाही. तीच झिप परत उघडली तर सगळे फोटो व्यवस्थित. आणखी एकदा उघडली तर भलत्याच फोटोवर अडकली. फाइल तीच, डिस्क तीच, चुकीची जागा मात्र दर खेपेला नवी. त्यात दिवसाआड पीसी आपोआप रीस्टार्ट.

दाजी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहेत, त्यामुळे कॉम्प्युटर म्हटलं की आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. "अरे, प्रोसेसर मरत नसतो, रॅम बदल." रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवून एकही एरर नव्हती, तरी बदलली. मग "पॉवर सप्लाय बघ". तोही बदलला. मग "तू क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं टाकतोस", तेही चारचौघांत जेवताना. एकही क्रॅक नाही माझ्या मशीनवर, बिलं आहेत.

शेवटी विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. तिथे सिस्टीम लॉगमध्ये व्हिया-लॉगर (WHEA-Logger) शोधायचं, हार्डवेअरच्या चुका त्या नावाने नोंदल्या जातात. कर्नल-पॉवर ४१ वर सगळे अडकतात, पण ती नोंद फक्त मशीन नीट बंद झालं नाही एवढंच सांगते. माझ्याकडे व्हिया-लॉगरच्या इव्हेंट १८ ची रांग होती: 'कॅश हायरार्की एरर', म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतली चूक, आणि खाली 'प्रोसेसर एपिक आयडी: ८', म्हणजे चूक कुठल्या थ्रेडवर झाली त्याचा नंबर. आधीच्या तारखा बघितल्या तर ८, ९, परत ८. माझा प्रोसेसर सहा कोअर (गणित करणारे भाग), बारा थ्रेडचा, दर कोअरला दोन थ्रेड, म्हणजे ८ आणि ९ एकाच कोअरचे दोन थ्रेड. रॅम किंवा सप्लाय बिघडला असता तर तो दर वेळी एकाच कोअरला कशाला गाठेल?

मग कोअरसायकलर लावलं. ही फुकट स्क्रिप्ट प्राइम९५ ही अवघड गणितांची टेस्ट एकेका कोअरवर आळीपाळीने चालवते. बाकीचे पाच कोअर गप काम करत राहिले. त्या एकावर आलं की लाल अक्षरात 'राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४'. गणितच चुकत होतं! दाजींना स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, "प्राइम९५ मध्येच बग असेल." मित्राच्या मदरबोर्डवर तोच प्रोसेसर बसवला, तिथेही तोच कोअर पडला, आणि त्याचा प्रोसेसर माझ्या बोर्डवर मजेत चालला. यापेक्षा मोठा पुरावा नसतो.

सर्व्हिस सेंटरवाल्याने डिस्प्ले आला बघून प्रोसेसर परत माझ्या हातात ठेवला. "चालू आहे की साहेब." त्याच्याच काउंटरवर टेस्ट लावून तीच ओळ दाखवली, तेव्हा कुठे रिप्लेसमेंटचा फॉर्म निघाला. नवीन आल्यापासून झिप उघडतायत. दाजींचं आता "लाखात एखादा निघतो" सुरू झालंय.

त्यांच्यासाठी सांगतो, २०२१ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी स्वतःच्या सर्व्हरमधलं असंच प्रकरण मांडलं होतं. डीकम्प्रेस करताना फायली गायब व्हायच्या. शोधत गेले तर एका मशीनचा ५९ नंबरचा कोअर १.१ चा ५३ वा घात पूर्णांकात १५६ ऐवजी ० काढत होता. आणि २०२४ मध्ये इंटेलने स्वतः मान्य केलं की १३ व्या आणि १४ व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून कायमचे खराब होतात. वॉरंटी दोन वर्षं वाढवून दिली. तुमचा त्यातला असेल तर बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) आधी अपडेट करा, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही.

हो, एक राहिलंच. हे सगळं करण्याआधी बायोस डिफॉल्टवर आणा. एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद, ओव्हरक्लॉक (प्रोसेसरचा वेग वाढवणं) बंद, अंडरव्होल्टही बंद. व्होल्टेज कमी केलेलं असेल तर चांगला प्रोसेसरसुद्धा हीच एरर देतो. तापमानही बघून घ्या. डिफॉल्टवर एरर थांबली तर प्रोसेसरला हात लावू नका. आणि लॉगमध्ये दर वेळी वेगळाच आयडी दिसत असेल तर दाजी म्हणतात तसं रॅम, सप्लाय, बोर्ड बघा.

बिल काढून ठेवा. प्रोसेसर कंपनीच्या बॉक्समधला होता की ट्रेचा, म्हणजे बॉक्सशिवाय विकलेला सुटा, तेही बघा. सुटा असेल तर वॉरंटी सहसा कंपनी देत नाही, विकणाऱ्याकडेच मागावी लागते. तुमचा दुकानदार 'कधी खराब होत नाही' असं का म्हणतोय, ते कदाचित तिथेच कळेल.